एचआयव्हीची वंशावळ आणि आरोपांची घाई

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रांवर आणि कागदावर उतरवलेल्या हजारो पोथ्या आहेत. नायक राजांच्या काळापासूनचा हा संग्रह भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांनी मोठ्या आस्थेने वाढवला. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी अशा चारही भाषांचे ग्रंथ त्यात आहेत. पोथी हाताने उतरवली की तीत चूक शिरतेच. कुठे अक्षर बदलते, कुठे ओळ गळते, कुठे समासातली टीप मूळ श्लोकात जाऊन बसते. त्या पोथीवरून पुढची नक्कल करणारा लेखनिक जुनी चूक इमानाने उतरवतो आणि आपली नवी भर घालतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकर यांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना अशा चुकांनाच पुरावा मानले. त्या कामासाठी पाठांची जुळणी तंजावरच्या सरस्वती महालातही झाली. दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक सापडली, तर बहुधा त्या एकाच पूर्वज पोथीवरून आल्या. अशा समान चुका गोळा करत गेले की पोथ्यांची कुळे दिसू लागतात आणि जी मूळ पोथी कधीच नष्ट झाली तिच्या जवळ पोहोचता येते. विषाणूचा प्रवास शोधणारे शास्त्रज्ञ करतात ते काम तर्काच्या दृष्टीने याहून वेगळे नाही. १९९८ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी चॉसरच्या ‘कॅन्टरबरी टेल्स’च्या हस्तलिखितांची कुळे लावायला जीवशास्त्रातलीच संगणकीय पद्धत वापरली होती.

एचआयव्ही हा विषाणू म्हणजे सुमारे ९,७०० रासायनिक अक्षरांची एक संहिता आहे. तीत अवघी नऊ जनुके मावतात. माणसाच्या पेशीत शिरल्यावर तो आपल्या आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करतो. ही नक्कल करणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, झालेली चूक तपासून दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे साधारण दर तीन-चार नकलांमागे एक अक्षर चुकते. उपचार न घेतलेल्या माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे १० अब्ज नवे विषाणू तयार होतात, हे लक्षात घेतले म्हणजे चुकांचा साठा किती झपाट्याने वाढत असेल याची कल्पना येते. यातले बहुतेक बदल निकामी ठरून लोपतात. काही टिकतात आणि पुढच्या माणसाकडे जातात. टिकणाऱ्या बदलांचा सरासरी वेग बराचसा ठरावीक असतो. म्हणून दोन बाधित माणसांच्या रक्तातील विषाणूंत किती अक्षरांचा फरक आहे हे मोजले की त्यांचा समान पूर्वज अंदाजे किती वर्षांपूर्वीचा असेल हेही काढता येते. कोणती कुळे एकमेकांच्या जवळची, ती कधी फुटली आणि कुठल्या प्रदेशात फुटली, या तीन प्रश्नांची उत्तरे अशा वंशावळीतून मिळतात.

गेल्या चार दशकांत मिळालेली ही उत्तरे एकत्र ठेवून पाहिली, तर त्यांतून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. विषाणू कुठल्या वाटेने गेला आणि ती वाट कोणत्या परिस्थितीने तयार केली, हे वंशावळ चांगले सांगते. दोष कोणाचा, हे ती सांगत नाही. शिवाय जिथे जिथे समाजाने घाईने दोषी ठरवले, तिथे नंतर निघालेल्या जनुकीय पुराव्याने तो आरोप बहुतेक वेळा खोटाच पाडला. एचआयव्हीच्या बाबतीत हा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण या आजाराने माणसे मेली ती विषाणूने जितकी, तितकीच तपासणीपासून आणि उपचारापासून दूर ठेवणाऱ्या लाजेने मेली.

आधी जगाची गोष्ट पाहू. १९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेत एड्सची पहिली नोंद झाली, तेव्हा हा आजार अगदी नवा आहे असे सगळ्यांना वाटले. आफ्रिकेतील काँगोमधून मिळालेल्या दोन जुन्या नमुन्यांनी ही समजूत मोडली. एक नमुना १९५९ सालच्या रक्ताचा आणि दुसरा १९६० साली काढून मेणात जपलेल्या लसिकाग्रंथीच्या तुकड्याचा. दोन्ही लिओपोल्डव्हिल या शहरातले, म्हणजे आजच्या किन्शासातले. दोन्हींत एचआयव्ही होता. पण दोन विषाणूंच्या संहितेत जवळजवळ १२ टक्के फरक होता. एवढा फरक पडायला काही दशके लागतात. मायकेल वोरोबी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हा हिशेब मांडला तेव्हा समान पूर्वजाचा काळ १९०८ च्या आसपास, म्हणजे १८८४ ते १९२४ च्या दरम्यान निघाला. २०१४ मध्ये नूनो फारिया आणि सहकाऱ्यांनी आणखी शेकडो नमुने तपासून किन्शासा हे ठिकाण आणि १९२० च्या आसपासचा काळ निश्चित केला. त्याआधी, २००६ मध्ये, आग्नेय कॅमेरूनच्या जंगलातील चिंपांझींच्या विष्ठेत एचआयव्हीचा सर्वांत जवळचा नातलग सापडला होता. शिकारीत किंवा मांस कापताना चिंपांझीचे रक्त माणसाच्या जखमेत गेले असावे आणि विषाणू नदीमार्गाने, व्यापाराच्या वर्दळीतून शहरात पोहोचला असावा, असे चित्र यातून तयार होते.

या चित्रातला सर्वांत बोलका पुरावा मात्र सहसा सांगितला जात नाही. माकड-वानरांतून माणसात हा विषाणू एकदाच आला असे नाही. एचआयव्ही-१ चे एम, एन, ओ आणि पी हे चार गट म्हणजे चार स्वतंत्र संक्रमणे आहेत. पश्चिम आफ्रिकेतील सूटी मँगबी या माकडापासून आलेल्या एचआयव्ही-२ चे नऊ गट म्हणजे आणखी नऊ. एकंदर किमान तेरा वेळा ही उडी झाली. जगभर पसरला तो केवळ एम हा एक गट. त्यातही विलक्षण गोष्ट अशी, की एम आणि ओ हे गट १९६० पर्यंत जवळपास सारख्याच गतीने वाढत होते. त्यानंतर एम झपाट्याने वाढला आणि ओ कॅमेरूनच्या परिसरातच रेंगाळला. दोन्ही गट शिकारीतून आले असणार, आणि दोन्ही गटांची बाधा झालेली माणसे सारखीच होती. वेगळी होती ती आजूबाजूची परिस्थिती. बेल्जियन सत्तेखालील किन्शासात मजूर म्हणून आणलेल्या पुरुषांची संख्या स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस काँगोच्या रेल्वेने वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसे प्रवास करत होती, आणि विषाणूच्या शाखा याच लोहमार्गावरून म्बुजी-माई आणि लुबुम्बाशी या खाणींच्या शहरांत गेल्या. साथीच्या रोगांविरुद्धच्या मोहिमांत एकाच सुईने अनेकांना इंजेक्शने दिली जात. वंशावळीतील फाटे या इतिहासाशी जुळतात. आफ्रिकेतील लोकांच्या चालीरीतींना दोष देणारे स्पष्टीकरण या तेरा उड्यांपुढे टिकत नाही, कारण मग तेरांपैकी एकच उडी जगभर का गेली याचे उत्तर त्याच्याकडे नाही.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. शंभर वर्षांपूर्वीचा काळ अक्षरांच्या फरकावरून मोजायचा, तर वेग सतत एकसारखा राहिला हे कशावरून? शंका बरोबर आहे. वेग सर्व शाखांत सारखा नसतोच. म्हणून संशोधक तो आधीच गृहीत धरत नाहीत. ज्यांच्या तारखा माहीत आहेत असे वेगवेगळ्या वर्षांचे नमुने घेऊन ते वेग मोजतात आणि शाखाशाखांत तो बदलू देणारी गणिते वापरतात. शिवाय ते एक वर्ष न सांगता काळाचा पट्टा सांगतात. बेट कॉर्बर यांच्या गटाने २००० साली १९५९ चा नमुना बाजूला ठेवून आपल्या हिशेबाची कसोटी घेतली. त्या नमुन्याचे वय त्यांच्या गणितातून जवळपास बरोबर निघाले. त्यांचा मूळ पूर्वजाचा अंदाज १९३१ च्या आसपासचा होता. अधिक नमुने आल्यावर तो थोडा मागे सरकला. वेगवेगळ्या पद्धती वापरूनही उत्तर विसाव्या शतकाच्या पहिल्या एक-तृतीयांशाच्या आसपासच राहिले, हे महत्त्वाचे. पोलिओची लस तयार करताना चिंपांझीच्या पेशी वापरल्यामुळे एड्स पसरला असा एक आरोप १९९० च्या दशकात गाजला होता. ती लस काँगोत दिली गेली १९५७ ते १९६० या काळात. तोवर एम गटाच्या अनेक शाखा फुटून गेलेल्या होत्या. जिथे ही लस दिली गेली त्या भागातील चिंपांझींचा विषाणूही वेगळ्या कुळाचा निघाला. लशींवरचा मोठा संशय अशा रीतीने पुराव्याने दूर केला.

भारतात या विषाणूचा छडा प्रथम तमिळनाडूत लागला, आणि तो लावणाऱ्या डॉक्टर मराठी होत्या. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबात जन्मलेल्या सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होत्या. १९८५ च्या अखेरीस त्यांनी आपल्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांना प्रबंधासाठी एचआयव्हीच्या पाहणीचा विषय सुचवला. तो काळ असा, की एड्स हा पाश्चात्त्य देशांचा रोग आहे आणि आपल्याकडची कुटुंबव्यवस्था त्याला आत येऊ देणार नाही, असे मोठमोठी माणसे सांगत होती. निर्मला यांनी सरकारी निवारागृहात डांबलेल्या वेश्याव्यवसायातील स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले. मद्रासमध्ये चाचणीची सोय नव्हती, म्हणून ते बर्फाच्या पेटीतून रात्रीच्या गाडीने कटपाडीला आणि तिथून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. फेब्रुवारी १९८६ मध्ये सहा नमुने बाधित निघाले. पुन्हा घेतलेले रक्त अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तपासले गेले आणि निष्कर्ष पक्का झाला. पुढे १९९३ मध्ये सॉलोमन यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन व शिक्षण केंद्र उभे केले आणि ज्यांना रुग्णालये दारातून परत पाठवत त्यांना उपचार दिले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

छडा लागला, पण शहाणपण आले नाही. पहिले बाधित नमुने वेश्याव्यवसायातील स्त्रियांचे होते म्हणून आजार त्यांनीच आणला, असा समज पसरला. खरे तर तपासणीच केवळ त्यांची झाली होती. जिथे शोधले तिथे सापडले, एवढाच त्याचा अर्थ. पाठोपाठ परदेशी माणसांवर बोट ठेवले गेले. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या त्या वेळच्या प्रमुखांनी परदेशी व्यक्तींशी शरीरसंबंधांवर कायद्याने बंदी घालण्याची सूचना केली होती. गोव्यात सार्वजनिक आरोग्य कायद्यात बदल करून बाधित माणसाला वेगळे कोंडून ठेवण्याची तरतूद झाली. रक्तदान केल्यावर ज्यांना बाधा असल्याचे कळले त्या डॉमिनिक डिसूझा यांना १९८९ मध्ये पोलिसांनी नेले आणि क्षयरोग्यांच्या जुन्या रुग्णालयात ६४ दिवस ठेवले. त्यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. न्यायालयाने कायद्याची तरतूद वैधच ठरवली. डिसूझा यांनी पुढे ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था सुरू केली आणि १९९२ मध्ये ते गेले. या सगळ्या निर्णयांमागे एकच गृहीतक होते. आजार अजून उंबरठ्यावर आहे, मोजक्या माणसांत आहे, त्यांना अडवले की देश वाचेल.

भारतातील विषाणूंची संहिता वाचली गेली तेव्हा हे गृहीतक ढासळले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की भारतातील विषाणू अमेरिका-युरोपातील विषाणूंपासून फार दूरचे आहेत आणि दक्षिण आफ्रिकेतील एका विषाणूशी त्यांचे नाते आहे. एम गटाच्या शाखांपैकी, म्हणजे उपप्रकारांपैकी, अमेरिका-युरोपात बी होता, भारतात सी. १९९२ मध्ये पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. तिथल्या कविता लोळे, रमेश परांजपे, दीपक गडकरी आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नुकतीच बाधा झालेल्या भारतीय रुग्णांतील सहा विषाणूंची संपूर्ण संहिता प्रसिद्ध केली. पाच निखळ सी उपप्रकाराचे होते. पुढच्या काळात देशभरातून आलेल्या नमुन्यांनी हेच दाखवले. भारतातील नव्वद टक्क्यांहून अधिक एचआयव्ही सी उपप्रकाराचा आहे, आणि त्यातील बहुतेक नमुने एकाच कुळात येतात. त्या कुळाचा मूळ पूर्वज १९७० च्या आसपासचा, काही वर्षे पुढे-मागे, असावा असे हिशेब सांगतात. सरळ शब्दांत सांगायचे तर दक्षिण आफ्रिकेकडून एकदा किंवा फार तर मोजक्या वेळा विषाणू भारतात आला, आणि नंतरचा जवळजवळ सगळा प्रसार देशातल्या देशात झाला.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. मद्रासच्या त्या सहा स्त्रियांचे रक्त तपासले गेले तेव्हा विषाणू देशात सुमारे दहा-पंधरा वर्षे फिरत होता. तो आला तेव्हा त्याला जगात कुठेही नाव नव्हते, चाचणी नव्हती, रोगाची नोंदसुद्धा नव्हती. त्या वेळी कोणी कोणाला अडवणार होते? सीमेवर पहारा हवा होता असे म्हणणाऱ्यांना वंशावळीचे हेच उत्तर आहे. आणि १९८६ नंतर परदेशी पाहुण्यांवर नजर ठेवून उपयोग नव्हता, कारण ते आणत असलेला बी उपप्रकार आपल्याकडे फारसा रुजलाच नाही. प्रसार झाला तो आपल्याच रस्त्यांवरून. मुंबईत गावाकडून एकटे येऊन राहणारे कामगार, घरापासून आठवडेच्या आठवडे दूर असलेले ट्रकचालक, पैशासाठी रक्त विकणारी माणसे आणि त्यावर चालणाऱ्या रक्तपेढ्या, नवऱ्याला निरोध वापर म्हणण्याची सोय नसलेल्या बायका, हे सगळे आपल्या घरचे वास्तव होते. तमिळनाडूतले नामक्कल हे मालवाहतुकीचे मोठे केंद्र. तिथे आणि आपल्या सांगली-सोलापूरकडे बाधेचे प्रमाण जास्त का होते याचे उत्तर या वर्दळीत आहे. किन्शासाच्या रेल्वेचे आणि मुंबई-बंगळूरच्या महामार्गाचे काम विषाणूच्या दृष्टीने एकच होते. ईशान्येला मणिपूरमध्ये नशेची इंजेक्शने घेणाऱ्यांत बी आणि सी यांची मिसळ झाली. त्याच पट्ट्यापलीकडे, चीनमधील युनानमध्ये, भारताकडून गेलेल्या सी उपप्रकाराचा थायलंडकडच्या बी उपप्रकाराशी संकर होऊन नवे प्रकार तयार झाले आणि ते चीनभर पसरले. म्हणजे ज्या देशाने ‘हे बाहेरून आले’ म्हणून बोट दाखवले, त्याच देशातून विषाणू पुढे बाहेरही गेला.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. वंशावळ ज्या नमुन्यांवर उभी आहे ते नमुने सर्वत्र सारखे घेतलेले नाहीत. दक्षिण आफ्रिकेतून हजारो संहिता वाचल्या गेल्या, शेजारच्या अनेक देशांतून थोड्या. मग भारताचे नाते दक्षिण आफ्रिकेशी दिसणारच. हा आक्षेप मान्य करूनच निष्कर्ष वाचायला हवा. आज तपासलेल्या विषाणूंत दक्षिण आफ्रिकेकडचे विषाणू आपल्याला सर्वांत जवळचे आहेत, एवढेच विधान पक्के आहे; तो अमुक बंदरातून, अमुक माणसाकडून आला, असे म्हणण्याला आधार नाही. मात्र भारतीय नमुने एका कुळात गोळा होतात, हा निष्कर्ष नमुने वाढत गेले तरी टिकून राहिला, आणि माझा युक्तिवाद त्यावर उभा आहे. तिसरी अडचण संकराची. एका माणसात दोन प्रकारचे विषाणू असले तर त्यांच्या संहितेचे तुकडे एकमेकांत मिसळतात. लेखनिकाने दोन वेगळ्या कुळांच्या पोथ्या समोर ठेवून एक नक्कल करावी आणि पुढच्या संशोधकाला कूळ लावणे अशक्य व्हावे, तसे हे घडते. पुण्याच्या १९९९ च्या अभ्यासातला सहावा विषाणू नेमका असा होता. काही भाग ए उपप्रकाराचा, बाकी सी. तो ओळखण्यासाठी, संहितेच्या तुकड्या-तुकड्याचे साम्य वेगळे मोजणारी ‘सिमप्लॉट’ ही संगणकीय रीत त्याच अभ्यासात वापरली गेली. आज जगभर नवनव्या विषाणूंच्या अभ्यासात ती वापरली जाते. अडचण लपवण्यापेक्षा ती मोजण्याची रीत शोधली, हे या शास्त्रावर विश्वास ठेवण्याचे एक सबळ कारण आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक आहे. माग काढण्याची ही कला शेवटी कोणाला तरी आरोपी ठरवायलाच वापरली जाईल, अशी भीती बाधित माणसांच्या मनात असते आणि ती निराधार नाही. अमेरिकेत एका कॅनेडियन विमान कर्मचाऱ्याला १९८७ पासून अख्ख्या देशात एड्स आणणारा ‘पहिला रुग्ण’ म्हणून बदनाम केले गेले. मूळ पाहणीत ‘कॅलिफोर्नियाबाहेरचा’ या अर्थाने त्याच्यापुढे इंग्रजी ओ हे अक्षर लिहिले होते. ते पुढे शून्य म्हणून वाचले गेले. २०१६ मध्ये वोरोबी आणि सहकाऱ्यांनी १९७८-७९ च्या जतन केलेल्या रक्तद्रवातून आठ विषाणूंची संपूर्ण संहिता उभी केली. विषाणू कॅरिबियन बेटांवरून न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या सुमारास आला होता, आणि त्या माणसाचा विषाणू वंशावळीच्या मुळाशी नसून मधल्या फांद्यांत कुठेतरी होता. तीस वर्षे एका मृत माणसावर खोटा आळ राहिला. लीबियात बेंगाझीच्या बाल रुग्णालयात चारशेहून अधिक मुलांना बाधा झाली, तेव्हा पाच बल्गेरियन परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर जाणूनबुजून विषाणू टोचल्याचा आरोप ठेवून मृत्युदंड सुनावला गेला. २००६ मध्ये मुलांच्या विषाणूंची वंशावळ मांडली गेली. ते परदेशी कर्मचारी मार्च १९९८ मध्ये रुग्णालयात येण्याआधीच विषाणू तिथे पसरत होता, असे तीत स्पष्ट दिसले. म्हणजे कारण रुग्णालयातील अस्वच्छ उपकरणांत होते. २००७ मध्ये ते सहा जण सुटले. दोन विषाणू जवळचे आहेत यावरून कोणी कोणाला दिला हे ठरत नाही. मध्ये तिसरा माणूस असू शकतो, दोघांना चौथ्याकडून बाधा झालेली असू शकते. वंशावळीची ही मर्यादाच निरपराध माणसाचे संरक्षण आहे, आणि न्यायालयांनी ती नेहमी ध्यानात ठेवली पाहिजे.

मग एवढे सगळे शोधून सामान्य रुग्णाच्या हाती काय येते, असे कोणी विचारेल. पुष्कळ येते. फेब्रुवारी २००५ मध्ये पुण्यात देशातील पहिली एचआयव्ही लस-चाचणी सुरू झाली आणि २००६ मध्ये चेन्नईत दुसरी. दोन्ही लशी सी उपप्रकारावर आधारलेल्या होत्या. त्यांनी यश दिले नाही, पण बी उपप्रकारासाठी घडवलेली लस भारतात तशीच चालेल असे गृहीत धरता येत नाही, ही समज या वंशावळीनेच दिली होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत एचआयव्ही-२ सापडला. नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेन्झ ही, अनेक वर्षे सर्वाधिक वापरलेली औषधे या विषाणूवर चालत नाहीत. कुळाची ओळख न करता ती दिली असती तर रुग्ण औषध घेऊनही खचला असता. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील उदयकुमार रंगा यांच्या गटाने दाखवले, की भारतात सी उपप्रकाराची एक नवी शाखा वाढते आहे. तिच्या संहितेत विषाणूची निर्मिती चालू करणाऱ्या विशिष्ट जागा तीनऐवजी चार आहेत. विषाणू आपल्या देशात आजही बदलतो आहे, म्हणून त्याची संहिता आपल्याच प्रयोगशाळांत सतत वाचली गेली पाहिजे. परिस्थिती बदलली की विषाणूची वाट अडते, याचा पुरावाही आपल्याकडे आहे. तमिळनाडू, महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र या राज्यांत १५ ते २४ वयाच्या स्त्रियांतील बाधेचे प्रमाण २००० ते २००४ या काळात १.७ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आले. ते कोणाला कोंडल्यामुळे आले नाही. वेश्याव्यवसायातील स्त्रियांनीच संघटित होऊन निरोधाचा आग्रह धरला, ट्रकचालकांपर्यंत कार्यकर्ते पोहोचले, पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली, म्हणून हे घडले.

भारतात आज सुमारे २५ लाख माणसे एचआयव्हीसह जगत आहेत. १ एप्रिल २००४ पासून सरकार मोफत औषधे देते, आणि जो नियमित औषध घेऊन रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न दिसण्याइतके खाली ठेवतो, त्याच्यापासून शरीरसंबंधातून बाधा होत नाही. म्हणजे साखळी तोडण्याचा उपाय रुग्णाच्याच हातात आला आहे. फक्त त्याने न घाबरता तपासणीला आले पाहिजे. म्हणून संहिता वाचण्याच्या कामाला दोन अटी कायम जोडलेल्या असाव्यात. नमुना देणाऱ्याची संमती आणि ओळखीची गुप्तता, या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने दिलेल्या हमीत संशोधनाच्या किंवा निगराणीच्या नावाने सूट असू नये. आणि वंशावळीतून निघालेली माहिती पोलिसांकडे न जाता आरोग्यसेवेकडे जावी. एखाद्या गावात, एखाद्या महामार्गावर जवळच्या कुळाचे विषाणू अचानक वाढलेले दिसले, तर तिथे औषधे, निरोध, स्वच्छ सुया आणि समुपदेशक पोहोचले पाहिजेत. शंभर वर्षांची ही वंशावळ आपल्याला वारंवार सांगते आहे, की हा विषाणू माणसाच्या दुष्टपणामुळे पसरला नाही. मजुरी, प्रवास, गरिबी आणि निष्काळजी सुई यांनी त्याला रस्ते दिले. ते रस्ते बंद करणे आपल्या शक्तीतले आहे, आणि तमिळनाडूने व महाराष्ट्राने ते एकदा करूनही दाखवले आहे.